स्तुती तोंडातून निघतच नाही, मग मी काय करू?

आधी पत्र. थोडं कापलंय, आणि ओळख पटू नये म्हणून दोनचार गोष्टी बदलल्यात.

"मावशी, सलाम. मी नागपुरात जरीपटक्याकडे राहते, एका शाळेच्या ऑफिसात नोकरीला आहे. मिस्टर बुटीबोरीला एका कंपनीत ११ वर्षं पर्मनंट होते, जानेवारीत काढून टाकलं, हिशोब अजून दिला नाही. त्याच महिन्यात सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं, नुसत्या बघत राहतात. त्या गावाकडे भजनात पुढे असायच्या, त्यांचे टाळ अजून आमच्या कपाटावर आहेत. शुक्रवारच्या फेलोशिपमध्ये एका ब्रदरनी सांगितलं की तुमच्या घरात स्तुती कमी आहे म्हणून सैतानाला जागा मिळाली, ४० दिवस स्तुती करा, साखळ्या तुटतील. व्हॉट्सॲप ग्रुप केला, रोज सकाळी सहाच्या आत स्तुतीचा ऑडिओ टाकायचा. मी १६ दिवस टाकला. १७ व्या दिवशी फोन हातात घेऊन बसले आणि तोंडच उघडलं नाही. तेव्हापासून रविवारी चर्चलाही गेले नाही. मिस्टर म्हणतात लेबर ऑफिसला जायचं नाही, तो अविश्वास होतो, आपण फक्त स्तुती करायची, बाकी देव बघून घेईल. स्तुतीत खरंच शक्ती असते का मावशी? आणि माझ्या तोंडून निघत नाही म्हणजे माझा विश्वास गेला का?"

बाई, तुझ्याएवढी माझी लेक आहे, म्हणून तू म्हणते, राग मानू नको.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते कारण तू त्याच्यानंच झोपत नसशील. नाही गेला. ज्याचा विश्वास गेला तो अशी पत्रं लिहीत नाही, तो गुपचूप ग्रुप म्यूट करतो आणि रविवारी उशिरा उठून तर्री पोहे आणायला जातो. तू फोन हातात घेऊन बसलीस, तोंड उघडलं नाही, आणि खोटं काही बोलली नाहीस. खरं सांगू, मला तुझ्या सोळा ऑडिओंपेक्षा तो सतरावा न टाकलेला ऑडिओ जास्त प्रामाणिक वाटला, आणि देवाला काय आवडलं असेल ते मी सांगणारी कोण, पण बायबलात कैनाचं नाकारलेलं अर्पण आणि हाबेलाचं स्वीकारलेलं अर्पण वाचलं की एवढं तर कळतं की तो फक्त आणलेली वस्तू मोजत बसत नाही.

आता ते ब्रदर. त्यांचा हेतू वाईट नसेल, मी धरून चालते की नव्हता. पण "तुमच्या घरात अमुक कमी आहे म्हणून हे झालं" हे वाक्य फार जुनं आहे, बायबलातल्या ईयोबाचं सगळं गेलं तेव्हा त्याचे तीन मित्र हेच बोलले होते आणि एकदोन वाक्यात नाही, अध्यायच्या अध्याय बोलले. सुरुवातीचे सात दिवस ते त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले होते, तेवढंच काय ते चांगलं केलं त्यांनी, तोंड उघडलं आणि घाण केली. इकडे ईयोब, ज्यानं पहिल्याच अध्यायात धन्य परमेश्वराचं नाम म्हटलं, तोच पुढे जन्मदिवसाला शाप देतो, देवाला कोर्टात खेचायची भाषा करतो, आणि शेवटी ४२ व्या अध्यायात देव कोणावर चिडतो? मित्रांवर. म्हणतो, माझा सेवक ईयोब माझ्याविषयी जे बरोबर ते बोलला, तुम्ही नाही बोललात. मी हे पहिल्यांदा नीट वाचलं तेव्हा पन्नाशी ओलांडली होती, संडे स्कूलमध्ये आम्हाला पहिला अध्याय शिकवला आणि एकदम शेवटचा, मधला सगळा गाळला, म्हणून आमची सगळी पिढी समजत राहिली की ईयोब म्हणजे तोंड मिटून सोसणारा माणूस.

स्तोत्रसंहितेचंही, म्हणजे बायबलातल्या गाण्यांच्या पुस्तकाचं, तसंच केलं आपण. मूळ हिब्रूत त्या पुस्तकाचं नाव तेहिल्लीम, म्हणजे स्तुतिगीतं. आणि त्या १५० स्तोत्रांमधली एक तृतीयांशाहून जास्त तर रडगाणी आहेत! तेरावं काढ, सहाच वचनं आहेत, पहिल्या दोन वचनांत चार वेळा "किती काळ, किती काळ" विचारलंय. अठ्ठ्याऐंशीवं तर असं आहे की त्यात शेवटीही काही गोड होत नाही, मूळ भाषेत त्याचा शेवटचा शब्दच अंधार आहे. आता ज्यांनी ही गाणी एकत्र केली त्यांना कळत नव्हतं का की यात स्तुती कुठे दिसत नाही? कळत होतं. तरी पुस्तकावर नाव घातलं "स्तुती". म्हणजे देवाकडे तोंड करून केलेलं रडणंही त्यांनी त्याच खात्यात जमा धरलं. देवाबद्दल दुसऱ्याजवळ कुरकुर करणं वेगळं, देवाच्याच पुढ्यात बसून "किती दिवस रे" म्हणणं वेगळं, कारण दुसऱ्यात तू अजून धरून चालतेस की तो तिथे आहे आणि ऐकून राहिला आहे.

तुमच्या फेलोशिपच्या हॉलमध्ये बहुतेक ते वचन लावलेलं असेल, आमच्याकडेही आहे, थर्माकोलची अक्षरं, सोनेरी चमकी, "देव आपल्या लोकांच्या स्तवनात वास करतो" अशा अर्थाचं. स्तुतीच्या शक्तीवर कोणीही बोलायला उभं राहिलं की हे वचन येतंच. ते आहे कुठलं माहितेय? बाविसाव्या स्तोत्रातलं तिसरं वचन. आणि त्याच स्तोत्राचं पहिलं वचन कोणतं? "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" जे येशूनं वधस्तंभावर उच्चारलं तेच. या दोन वचनांच्या मध्ये एकच वचन आहे, त्यात स्तोत्र लिहिणारा म्हणतो दिवसा हाक मारतो, रात्री हाक मारतो, तू उत्तर देत नाहीस. म्हणजे ज्या वचनाला आपण चमकी लावली ते अशा माणसाच्या तोंडचं आहे ज्याला उत्तर मिळालेलं नाही. थर्माकोलवर पहिलं वचन कोणी लावत नाही.

आता तुझा पहिला प्रश्न, स्तुतीत शक्ती असते का. असते. मी हो म्हणते, आणि सदर चालवायचं म्हणून म्हणत नाही. पण कसली शक्ती ते बघायला पाहिजे, नाही तर आपण स्तुतीला लाईटबिल करून टाकतो, भरलं की लाईन चालू, थकलं की कट, आणि मग ज्याच्या घरी अंधार त्यानं बिल भरलं नसेल असं सगळी गल्ली धरून चालते.

साखळ्या तुटतील हे जे म्हणतात ते प्रेषितांची कृत्ये १६ वरून. पौल आणि सीला हे येशूचे प्रचारक फिलिप्पै शहराच्या तुरुंगात. भूत लागलेल्या एका दासीला पौलानं बरं केलं, तिच्या भविष्य सांगण्यावर मालक पैसे कमवत होते, धंदा बसला म्हणून त्यांनी या दोघांना चौकात ओढलं, अधिकाऱ्यांनी चौकशी न करता कपडे फाडून छड्या मारायला लावल्या, आतल्या कोठडीत टाकलं, पाय खोड्यात. मध्यरात्री हे दोघं प्रार्थना करून देवाची गाणी म्हणत होते आणि बाकीचे कैदी ऐकत होते. मग भूकंप, दारं उघडली, सगळ्यांची बंधनं सुटली. इथपर्यंत सगळे सांगतात, इथे हालेलूया होतो, कीबोर्डवाला एक लांब सूर धरतो.

पण पुढे वाच ना. दारं उघडली आणि कोणी पळालंच नाही! तुरुंगाचा नायक जागा झाला, दारं सताड उघडी दिसली, कैदी पळाले तर आपलं मरण ठरलेलं म्हणून त्यानं तलवार उपसली, स्वतःला मारणार तेवढ्यात पौल अंधारातून ओरडला, काही करून घेऊ नको, आम्ही सगळे इथेच आहोत. त्याच रात्री त्या नायकानं यांच्या जखमा धुतल्या, घरी नेऊन जेवू घातलं. म्हणजे त्या रात्रीच्या गाण्यानं पौलाची सुटका झाली असं म्हणायला जावं तर तो पळालाच नाही, आणि वाचला कोण तर ज्यानं यांना खोड्यात घातलं तो माणूस. पाठीवर वळ उठलेले असताना ज्यांना गाता आलं त्यांना उघड्या दाराशी बसून राहता आलं आणि मारणाऱ्याची काळजी करता आली. मला विचारशील तर शक्ती म्हणतात ती ही, साखळ्या काय, भूकंपानं कोणाच्याही तुटतात, त्या रात्री सगळ्याच कैद्यांच्या तुटल्या, जे गात नव्हते त्यांच्यासुद्धा.

हो, गाताना श्वास लांब सुटतो, छाती मोकळी होते, मन शांत होतं, हे पण खरं आहे. पण ते गझल गाऊनही होतं, त्याला मी आध्यात्मिक शक्ती वगैरे म्हणणार नाही.

आता तुझ्या मिस्टरांसाठी, त्यांना हा भाग वाचून दाखव. त्याच अध्यायात सकाळ होते. अधिकारी शिपायांबरोबर निरोप पाठवतात, त्या दोघांना सोडून द्या. पौलानं काय करायला पाहिजे होतं? प्रेज द लॉर्ड म्हणून निघायचं ना? नाही निघाला. म्हणाला, आम्ही रोमी नागरिक, चौकशी न करता आम्हाला चारचौघांत मारलं, आणि आता गुपचूप बाहेर घालवतात काय, ते काही नाही, त्यांनी स्वतः यावं आणि आम्हाला बाहेर न्यावं. आणि ते आले बरं का, घाबरले, विनवण्या केल्या. रात्री गाणारा तोच, सकाळी हक्क मागणारा तोच, त्याला दोघांत काही भांडण दिसलं नाही. मग बुटीबोरीच्या हिशोबासाठी लेबर ऑफिसची पायरी चढली तर अविश्वास कसा होतो, मला कोणी सांगावं.

११ वर्षं सलग पर्मनंट होते ना, मग ग्रॅच्युइटी ही काही मालकाची मेहेरबानी नाही, पाच वर्षं झाली की तो कायद्यानं हक्क आहे. शेवटचा बेसिक आणि महागाई भत्ता मिळून जो आकडा, त्याला १५ नं गुणायचं, २६ नं भागायचं, आणि जेवढी वर्षं तेवढ्यानं गुणायचं. समज १८,००० असेल तर ११ वर्षांचे १,१४,००० च्या वर होतात, हे देवानं बघून घ्यायचं म्हणून सोडून द्यायचे पैसे आहेत का? नोकरी सुटल्यापासून ३० दिवसांत द्यायचे असतात, उशीर झाला तर व्याजासकट. नेमणुकीचं पत्र, पगाराच्या स्लिपा, आयकार्ड, बँकेचं स्टेटमेंट, काढून टाकल्याचं पत्र किंवा मेसेज जे असेल ते, सगळ्याच्या झेरॉक्स घेऊन आधी कंपनीला लेखी अर्ज, पोच घेऊन, आणि त्यांनी दाद दिली नाही तर कामगार खात्याच्या ऑफिसात. वकिलाला पैसे नाहीत म्हणू नको, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून औद्योगिक कामगाराला मोफत वकील मिळतो, आणि बाईमाणसाला तर उत्पन्न किती हे न बघता मिळतो. पीएफचं खातं वेगळं असतं, त्याचं पासबुक मोबाईलवर दिसतं, ते आजच बघा. निघताना दोघांनी मिळून प्रार्थना करा, गीत म्हणा, काय वाटेल ते करा, पण निघा बाप्पा, उन्हाचं निघावं लागेल, दुपट्टा बांधून निघा.

कोणी तरी आता मला वचन पाठवेल हे मला माहीत आहे. १ थेस्सलनीकाकर ५:१८ म्हणतं "सर्व स्थितीत उपकारस्तुती करा", तिथे मी सांगू शकते की बाई स्थिती"त" म्हटलंय, स्थिती"बद्दल" नाही. पण इफिसकरांस ५:२० मध्ये सगळ्या गोष्टींबद्दल असंच आहे, ते मी लपवत नाही. मग सासूबाईंच्या झटक्याबद्दल पण धन्यवाद द्यायचे का? हे लिहिणारा पौलच ना, त्यानं आपला सोबती एपफ्रदीत मरणाच्या दारातून परत आला तेव्हा काय लिहिलं, देवानं त्याच्यावर दया केली आणि माझ्यावरही, मला दुःखावर दुःख होऊ नये म्हणून. आजारपणाला त्यानं दुःखच म्हटलं, देणगी म्हटलं नाही. आणि रडणाऱ्यांबरोबर रडा हे पण त्याचंच. त्यामुळे झटक्याबद्दल आभार मान म्हणून जे तुला सांगतील त्यांना माझ्यातर्फे नीतिसूत्रे २५:२० दाखव, खिन्न माणसापुढे गाणी म्हणणं म्हणजे थंडीत त्याच्या अंगावरचं वस्त्र काढणं आणि सोड्यावर शिरका, म्हणजे व्हिनेगर, ओतणं, शब्द थोडे पुढेमागे असतील पण सोडा आणि शिरका तिथे आहेच. माझे मिस्टर आयसीयूत होते तेव्हा एकजण बाहेरच्या बाकड्यावर येऊन मला टाळ्या वाजवायला सांगत होता, रात्रीचे दोन वाजले होते, शेजारी दुसऱ्या एका बाईचा मुलगा आत गेला होता. मी त्याला खाली चहा प्यायला पाठवलं आणि लिफ्टजवळ वॉचमनला सांगितलं की यांना आता वर सोडू नका. अजूनही मला त्याचं वाईट वाटत नाही.

आता एक माझ्या आईचं सांगते.

आम्ही गड्डीगोदामला राहायचो, दोन खोल्या. नळ पहाटे साडेचारला यायचा आणि सहाला जायचा, आई अंधारातच उठून पितळेचे दोन गुंड भरायची आणि भरता भरता १०३ व्या स्तोत्राचं एकच पालुपद म्हणत राहायची, त्याचे सर्व उपकार विसरू नको. मोठ्यानं नाही, शेजारी झोपलेले असायचे, नळाच्या आवाजाखाली. आणि मधेमधे स्वतःचं घालायची, गोवऱ्या भिजल्या नाहीत, विसरू नको, बाबांचा पगार सातला झाला, विसरू नको, मला हे अंथरुणात पडून ऐकू यायचं आणि हसू यायचं की देवाला गोवऱ्यांचं काय सांगते. मग माझा धाकटा भाऊ गेला, तीन वर्षांचा होता, ताप आला आणि चार दिवसांत गेला. आईचं गाणं बंद झालं. नळ यायचा, गुंड भरायचे, नुसता पाण्याचा आवाज. चर्चला ती जायची, बाबा न्यायचे, पण गीत लागलं की पुस्तक बंद करून दोन्ही हातात धरून उभी राहायची.

आमच्या मागच्या बाकावर एक बाई बसायच्या, आवाज असा की काय सांगू, पत्र्यावर वाळू टाकल्यासारखा, सूर नाही, ताल नाही, आम्ही पोरं त्यांच्या नकला करायचो. त्या काही न बोलता पुढे आल्या आणि आईच्या शेजारी उभ्या राहायला लागल्या. दर रविवारी. आणि जोरात गायच्या. आईला त्यांनी कधी गा म्हटलं नाही, विचारलं नाही, कसं वाटतं वगैरे काही नाही. जवळजवळ वर्ष गेलं. मग एके दिवशी, मी तेव्हा नऊची असेन, आई सूप घेऊन तांदूळ निवडत बसली होती, खडा दिसला की अंगठ्यानं उडवायची, आणि मला ऐकू आलं, ती नुसतं पालुपद गुणगुणत होती, ओळ नाही, फक्त पालुपद, तिला स्वतःला कळलं नव्हतं. मी दारातच उभी राहिले, हातात पाटी होती, हललेच नाही, वाटलं हलले तर बंद होईल.

"हालेलूया" म्हणजे काय हे मला पुढे कळलं. हालेलू म्हणजे स्तुती करा, याह म्हणजे परमेश्वर. आणि ते "कर" नाही, "करा" आहे, आणि आदराचं "करा" पण नाही, अनेकांना सांगितलेलं "करा". तुम्ही सगळे मिळून. मूळ शब्दच एकट्याला सांगितलेला नाही! आपल्या भजनात कसं असतं, पुढे एकजण ओळ घेतो आणि मागचे धृपद धरतात, पुढच्याचा घसा बसला तरी धृपद चालू राहतं, तोपर्यंत तो पाणी पिऊन घेतो. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी अभंग आणि भजनं आपल्या उपासनेत आणली, म्हणून महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती माणसाला हे कोणी वेगळं शिकवायला नको, टाळ हातात घेतले की कळतं. इथे नागपूरच्या सदर भागातल्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये २९ नोव्हेंबर १९७० ला सहा चर्चेस मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, तेव्हा माझे बाबा म्हणायचे, आता एकाच गीताच्या दोन चाली लागल्या तरी कोणी थांबू नका, एका चालीवर येईपर्यंत गात राहा.

आणि तुम्ही काय केलं, बंद खोलीत एकेकट्यानं फोनमध्ये ऑडिओ, सहाच्या आत, हजेरी. त्यात धृपद धरणार कोण? म्हणून माझं म्हणणं, तो ग्रुप सोड. भांडू नको, "सध्या जमत नाही, माझ्यासाठी प्रार्थना करा" एवढं लिही आणि बाहेर पड. रविवारी मात्र जा. मागच्या बाकावर बस, गाऊ नको, ओठ हलवायचं नाटकही करू नको, पुस्तक बंद ठेवून उभी राहा, बाकीच्यांना गाऊ दे, त्या वेळात ते तुझ्यासाठी गातात, त्यांना माहीत असो नसो. एका बाईला तेवढं खरं काय ते सांग, एकीलाच, जी लगेच वचन सांगत नाही अशी शोध, प्रत्येक मंडळीत एक तरी असते, बहुतेक स्वयंपाकघरात चहाचे कप धुवत असते.

रात्री झोपताना तेरावं स्तोत्र वाच, सहा वचनं, दोन मिनिटं. "किती काळ" जिथे आहे तिथे आपलं घाल, हिशोब, सासूबाईंचं बोलणं, जे काय असेल ते नाव घेऊन. शेवटच्या वचनात मी गाईन असं आहे, ते म्हणवत नसेल तर वाचून सोड. बेचाळिसाव्यातही तसंच आहे, तिथे तो स्वतःच्या जिवाला विचारतो तू का खिन्न झालास, आणि म्हणतो मी पुन्हा त्याचं गुणगान गाईन. गाईन. गातो नाही. भविष्यकाळातली स्तुती पण बायबलात चालते.

एक विचारायचं राहिलं, झोप कशी आहे तुझी? जेवण जातं का? दोन आठवड्यांहून जास्त दिवस झोप नाही, भूक नाही, कशातच मन नाही, जगून काय करायचं असं येऊन राहिलं असेल तर तो स्तुतीचा विषय नाही, डॉक्टरचा आहे. इथल्या सरकारी दवाखान्यांत, मेडिकलला किंवा मेयोला, मानसोपचाराची ओपीडी आहे, आणि १४४१६ हा टेली मानस या सरकारी हेल्पलाईनचा नंबर चोवीस तास फुकट आहे, मराठीत बोलतात. लाज वाटून घेऊ नको. एलीया संदेष्टा झुडपाखाली पडून मरण मागत होता तेव्हा देवानं त्याला आधी झोपू दिलं, भाकरी आणि पाणी दिलं, परत झोपू दिलं, बोलला नंतर.

आता सासूबाई. पत्रात तू सहज लिहून गेलीस, पण मी तिथेच थांबले. उजवी बाजू आणि बोलणं दोन्ही एकदम गेलं म्हणजे बहुतेक मेंदूच्या डाव्या बाजूला इजा आहे, ते तुमच्या डॉक्टरांना विचार आणि स्पीच थेरपिस्टकडे नेता येईल का तेही विचार, कारण त्यासाठी जेवढं लवकर तेवढं बरं. अशा काही पेशंटना साधा एक शब्द बोलता येत नाही पण पाठ असलेलं जुनं गाणं शब्दांसकट म्हणता येतं, गाण्याचं काम मेंदूत सगळं एकाच ठिकाणी नसतं म्हणून. सगळ्यांना जमतं असं नाही, तुझ्याकडे जमेलच असं मी सांगत नाही. पण ज्या बाईनं गावात आयुष्यभर भजनात पुढे राहून ओळ घेतली तिच्या डोक्यात ती गाणी कुठे जातात?

तुला गाता येत नाही तर नको गाऊ, तू धृपदापुरती हो. त्यांची कोणती भजनं होती ते मिस्टरांना विचार, त्यांना चाल माहीत असेल, लहानपणी ऐकलेलं असतं. कपाटावरचे टाळ काढ, दोरी कुजली असेल तर बदल, चिंचेनं घासून घे. एक टाळ त्यांच्या डाव्या हातात दे, तो हात चालतो, आणि दुसरा तू धर, वाजवायला दोन्ही एकत्र यावे लागतात म्हणजे तुला पलंगाजवळ सरकून बसावं लागेल. घाई करू नको, बोल म्हणून मागे लागू नको, आणि पहाटे सहाला तर मुळीच नको, सकाळच्या पोळ्या झाल्या आणि कुलरमध्ये पाणी भरून झालं की बस.